न आलेल्यांची नोंद
टाटा समाजविज्ञान संस्थेतील आरोग्य सेवा प्रशासनाच्या शिक्षणाचा इतिहास

आपल्या संस्थेच्या पहिल्या पदविकेच्या नावातच 'प्रशासन' हा शब्द होता. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तेव्हा दोन वर्षांच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याला मिळे ती 'डिप्लोमा इन सोशल सर्व्हिस ॲडमिनिस्ट्रेशन'. आरोग्य सेवा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यानंतर कितीतरी दशकांनी आला. पण त्याचे बी या जुन्या नावात होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. समाजसेवा ही नुसती कळवळ्याची गोष्ट नाही. तिला वेळापत्रक लागते, नोंदवही लागते, खर्चाचा मेळ लागतो, हे त्या काळी ठरवून नावातच घालण्यात आले होते.

या लेखात संस्थेचा सगळा इतिहास सांगण्याचा विचार नाही; तो एका लेखात मावणारही नाही. आरोग्य प्रशासनाचा धागा तेवढा पकडून नागपाड्यापासून देवनारपर्यंत यायचे आहे, आणि शेवटी कांदिवलीतल्या आमच्या चारकोपपर्यंत.

नागपाड्याची शाळा

१९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईत आले. त्यांचे शिक्षण शिकागोत झालेले. जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये त्याच शहरात 'हल हाउस' उभे केले होते. कार्यकर्त्याने वस्तीतच राहायचे आणि तिथल्या माणसांच्या गरजेतून काम ठरवायचे, ही तिथली रीत. मॅन्शार्ट यांनी तीच रीत नागपाड्यात आणली. कामगारांच्या दाट वस्तीत 'नागपाडा नेबरहूड हाउस' उभे राहिले.

सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचा न्यास स्थापन झाला होता. त्या न्यासाच्या पैशातून मुंबईत तीन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांत पहिला मान आपला. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, मूलभूत संशोधनाची संस्था १९४५ मध्ये. त्यांच्या आधी, १९३६ मध्ये, नागपाड्याच्या त्या घरात समाजकार्याची शाळा भरू लागली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. १९४१ पासून डॉ. जे. एम. कुमारप्पा यांनी धुरा घेतली. १९४४ मध्ये 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' हे नाव मिळाले. मधली काही वर्षे अंधेरीत काढून १९५४ मध्ये संस्था देवनारला आली.

पत्ते बदलले, पण वर्गातून उठून वस्तीत जायचे हा शिरस्ता राहिला. फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत, १९८४ च्या वायुकांडानंतर भोपाळमध्ये, १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात संस्थेची माणसे घरोघर फिरली. कोणाच्या घरात कोण उरले, कोणाला काय लागते, याच्या याद्या त्यांनी केल्या. आपत्तीच्या जागी यादी करणे हेच पहिले प्रशासन असते.

रुग्णालयाच्या दाराशी

आरोग्याशी संस्थेचा संबंध आला तो प्रशासनाच्या बाजूने नव्हे, तर समाजकार्याच्या बाजूने. १९३७ मध्ये संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. तशा प्रकारचे ते देशातले पहिले मानले जाते. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य हा विशेष विषय संस्थेत आकाराला आला आणि प्रा. गौरी राणी बॅनर्जी यांनी त्याची बैठक घातली.

१९४६ हेच भोर समितीच्या अहवालाचेही वर्ष. आरोग्यसेवा माणसाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, आणि पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हा त्या अहवालाचा गाभा. एवढी मोठी व्यवस्था चालवायला डॉक्टर आणि परिचारिका तर हव्यातच. पण खाटा, औषधे, माणसे आणि पैसा यांचा मेळ घालणारेही कोणीतरी हवे, ही जाणीव तिथून हळूहळू रुजली.

रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या टेबलापाशी बसले की तो मेळ कुठे चुकतो ते फार लवकर कळते. बिल भरता येत नाही म्हणून घरी न्यायचे राहिलेले मूल, गावाकडचा पत्ता चुकीचा लिहिल्याने पुन्हा न आलेला क्षयरोगी, रात्रपाळीला आयाबाई नाही म्हणून ओल्या चादरीवर पडून राहिलेली म्हातारी. यातले एकही दुखणे औषधाने बरे होणारे नाही. आपल्याकडे आरोग्य प्रशासनाचे शिक्षण उगवले ते या टेबलाशेजारी. त्याची चाल इतरांपेक्षा थोडी वेगळी का, याचे उत्तर इथेच आहे.

एक विद्याशाखा घडते

जगात या विषयाची पदव्युत्तर शाळा पहिल्यांदा उघडली ती शिकागो विद्यापीठात, १९३४ मध्ये, मायकल डेव्हिस यांच्या पुढाकाराने. म्हणजे मॅन्शार्ट यांच्या शहरात रुग्णालय चालवण्याचे शास्त्र वर्गात शिरले आणि दोनच वर्षांनी मॅन्शार्ट यांची शाळा नागपाड्यात भरली. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो जुळायला अर्धे शतक जावे लागले.

आपल्या देशात १९६४ मध्ये दिल्लीला आरोग्य प्रशासन आणि शिक्षण यांची राष्ट्रीय संस्था निघाली. पुढे १९७७ मध्ये ती कुटुंब नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत मिळून आजची आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था झाली. दिल्लीच्याच एम्समध्ये १९६६ मध्ये रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी सुरू झाली. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयानेही हा विषय जोपासला. या ठिकाणी शिकायला येत ते प्रामुख्याने डॉक्टर. लष्करी किंवा सरकारी सेवेतला अनुभवी वैद्यकीय अधिकारी अधीक्षक होणार, म्हणून त्याने प्रशासन शिकावे, असा तो हिशेब होता.

महाराष्ट्रातले काही जण याच्या जवळचा विषय शिकायला समुद्रापारही गेले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला कामाला लागले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही १९८४ मध्ये तिथेच पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' उभारली. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हाती नोंदवही देऊन अख्ख्या गावाच्या आरोग्याचा हिशेब ठेवता येतो, हे या दोन्ही ठिकाणांनी दाखवून दिले. आरोग्य प्रशासनाच्या वर्गात जामखेडचे उदाहरण आले नाही असे एकही वर्ष गेले नसेल.

आपल्या संस्थेत वातावरण तयार होतेच. १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. डॉ. मा. स. गोरे १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे संचालक होते. समाजशास्त्र, समाजकार्य आणि संशोधन एकाच छपराखाली नांदावे ही घडी त्यांच्या काळात बसली. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा झेंडा उभारला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या अखेरच्या टप्प्यात 'हेल्थ सर्व्हिसेस स्टडीज' विभाग आणि त्याचा एमएचए अभ्यासक्रम, म्हणजे आरोग्य किंवा रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी, नावारूपाला आला. वर्गात एमबीबीएस झालेले असत, तसेच दंतवैद्य, होमिओपॅथ, फार्मसीवाले आणि कधी वाणिज्य शाखेचेही. ही सरमिसळ त्या वर्गाची खरी कमाई. डॉक्टरला ताळेबंद वाचता यायला हवा आणि बीकॉमवाल्याला सलाइन संपल्यावर वॉर्डात काय होते ते ठाऊक हवे.

अभ्यास कोरडा नव्हता, पण आकड्यांचा होता. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, आरोग्याचे अर्थकारण, मनुष्यबळ, कायदे, साहित्य व्यवस्थापन. औषधांच्या गोदामाचेच घ्या. एक पद्धत सांगते की थोड्याच वस्तूंवर बहुतेक पैसा खर्च होतो. त्यांवर बारीक नजर ठेवा. दुसरी सांगते की काही वस्तू स्वस्त असतात, पण त्या नसल्या तर माणूस दगावतो. त्या कधीही संपू देऊ नका. दोन्ही पद्धती फळ्यावर एकत्र मांडल्या की एक चौकट तयार होते. त्या चौकटीच्या एका कोपऱ्यात काही रुपयांचे इंजेक्शन महागड्या यंत्राच्या बरोबरीने बसलेले दिसते. हे ज्याला एकदा नीट कळले, तो गोदामाच्या चावीकडे पुन्हा पहिल्यासारखा पाहत नाही.

चारकोप ते देवनार

इथे थोडे स्वतःविषयी. मी शिकत होतो तेव्हा आम्ही चारकोपला नुकतेच स्थिरावलो होतो. चारकोपचे गावठाण जुने, पण आमचे सेक्टरांचे चारकोप १९८० च्या दशकातले. जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने खाडीकडच्या जमिनीवर भूखंड आखले, रस्ते, पाणी आणि गटारे दिली, आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे असे ठरले. लहान लहान भूखंडांचे गट, मध्ये सामाईक चौक, गटागटाची सहकारी संस्था. आधी एक खोली, मग माळा, मग वरचा मजला, अशी घरे वाढली आणि घरांबरोबर आम्हीही.

सकाळी बेस्टने कांदिवली स्टेशन, तिथून दादर, पूल चढून-उतरून कुर्ला, कुर्ल्याला हार्बर, मग गोवंडी. जाऊन-येऊन दिवसाचे चार तास. पुढे २००९ मध्ये चारकोप–वांद्रे–मानखुर्द मेट्रोची कोनशिला बसली, तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. माझ्या घरापासून माझ्या संस्थेच्या कुशीपर्यंत सरळ गाडी! काही वर्षांनी ती योजना गुंडाळली गेली, मार्गाचे तुकडे झाले, आणि २०२२ मध्ये जी मेट्रो आमच्या बाजूने धावू लागली तिने पुढेही दहिसर ते अंधेरी एवढेच अंतर कापले. नियोजन आणि अंमलबजावणी यांतल्या अंतरावर वर्गात तासभर व्याख्यान ऐकले होते. हे उदाहरण पुस्तकात नव्हते.

आणखी एक गंमत. कांदिवलीला पालिकेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे, त्याला सगळे 'शताब्दी' म्हणतात. गोवंडीला पंडित मदनमोहन मालवीय रुग्णालय आहे, त्यालाही सगळे 'शताब्दी'च म्हणतात. माझ्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना एकेक शताब्दी. "शताब्दीला ॲडमिट केलंय" असा निरोप आला की मी आधी विचारतो, "कोणत्या?" रुग्णालयाचे नाव हासुद्धा प्रशासनाचा प्रश्न असतो.

खिडकीपाशी

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी मला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवले. बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीशेजारी स्टूल टाकून बसायचे, आणि प्रत्येक रुग्ण रांगेत कधी लागला, खिडकीशी कधी पोचला, डॉक्टरांकडे कधी गेला, औषधाच्या खिडकीवरून कधी बाहेर पडला, ते मिनिटामिनिटाने टिपायचे. हातात घड्याळ, मांडीवर चौकटी आखलेला कागद. पंधरा दिवसांनी माझ्याकडे सुबक तक्ते होते. रांग कुठे तुंबते ते मी दाखवले. डॉक्टरांच्या खोलीत नव्हे, तर नाव लिहिताना. आडनाव दोनदा विचारले जात होते, जुना केसपेपर शोधताना गठ्ठे उपसले जात होते, आणि सुट्ट्या पैशांवरून रोज तेच वाद होत होते. मला वाटले, काम फत्ते.

मार्गदर्शक बाईंनी तक्ते शांतपणे चाळले. मग म्हणाल्या, "किती जण आले ते लिहिलंस. रांगेतून किती जण उठून गेले?"

मी गप्प. उठून गेलेले मला दिसले होते. एक बाई तर रोज यायची, दोन धुण्याभांड्यांच्या कामांच्या मधल्या वेळात. खिडकी जवळ यायच्या आत तिची वेळ संपायची आणि ती पदर खोचून निघून जायची. माझ्या कागदावर तिच्यासाठी रकानाच नव्हता. जी खिडकीपर्यंत पोचली नाही ती रुग्णालयाच्या दृष्टीने आलीच नव्हती. मासिक अहवालात तिचा आकडा लागणार नव्हता, तिच्यासाठी औषध मागवले जाणार नव्हते, तिच्यासाठी खिडकी उशिरापर्यंत उघडी ठेवावी असे कोणाला सुचणार नव्हते.

"उद्या एक रकाना वाढव," बाई म्हणाल्या. बस्स, एवढेच. दोन वर्षांत शिकलेले सगळे पुसले गेले तरी मी तो रकाना विसरणार नाही. मागे वळून पाहताना तो नागपाड्यातून आला असे मला वाटते. ज्या शाळेने वस्तीत राहून काम करायला शिकवले, तिने रुग्णालय शिकवतानाही दाराबाहेरच्या माणसाला विद्यार्थ्याच्या नजरेआड होऊ दिले नाही.

'सेवा' ते 'व्यवस्था'

२००६ मध्ये संस्थेची फेररचना झाली आणि विभागांच्या जागी शाळा आल्या. 'हेल्थ सर्व्हिसेस स्टडीज'ची परंपरा 'स्कूल ऑफ हेल्थ सिस्टम्स स्टडीज'कडे आली. सेवा गेली आणि व्यवस्था आली, हा फक्त पाटीचा बदल नव्हता. एका रुग्णालयाचे प्रशासन आणि अख्ख्या जिल्ह्याच्या आरोग्याचे प्रशासन या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे अभ्यासक्रमांच्या विभागणीतूनच स्पष्ट झाले. रुग्णालय प्रशासनाची वाट वेगळी, आरोग्य प्रशासनाची वेगळी. जोडीला सार्वजनिक आरोग्याच्या पदव्या, एक सामाजिक साथरोगशास्त्राची, दुसरी आरोग्य धोरण, अर्थकारण आणि वित्त यांची. नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्यांसाठी रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदविकाही होतीच.

काळही तसाच आला होता. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यक्रम व्यवस्थापक ही नवी जागा तयार झाली. त्याच सुमारास रुग्णालयांच्या मानांकनासाठी राष्ट्रीय मंडळ आले, आणि 'गुणवत्ता' हा विभाग खासगी रुग्णालयांतही दिसू लागला. २०१२ मध्ये राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. रुग्णालयाच्या दारात बसणारा 'आरोग्यमित्र' या योजनेने दिला. रेशनकार्ड पाहून, कागद जुळवून, मंजुरी मिळेपर्यंत रुग्णाच्या मागे उभा राहणारा हा माणूस मला जे. जे.मधल्या त्या पहिल्या समाजसेवकाचा नातू वाटतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी मोठ्या रुग्णालयांच्या कारभारात आहे, कोणी जिल्हा परिषदेच्या इमारतीत, कोणी संशोधनात, कोणी विमा कंपनीत. कंपनीत गेला म्हणून वर्गमित्रांनी टोमणे मारायचे आणि त्याने दिवाळीला सगळ्यांना जेवण घालायचे, हीही एक परंपराच आहे.

२०२० मध्ये या विद्येची खरी परीक्षा झाली. मुंबईत खाट मिळवण्यासाठी नातेवाईक दारोदार फिरत होते. पालिकेने खाटांचे वाटप २४ विभागांच्या 'वॉर रूम'मध्ये विभागले. आमच्या आर-दक्षिण विभागासह प्रत्येक विभागाने आपल्या रुग्णांची यादी स्वतः ठेवायची, फोन स्वतः करायचे, खाट ठरवून द्यायची. एका मध्यवर्ती फोनवर तुंबलेली रांग चोवीस रांगांत वाटली गेली. रांगेचे गणित शिकलेल्या कोणालाही यात नवल वाटले नसते. नवल एवढेच, की ते गणित इतक्या घाईत अमलात आले.

खडूची खूण

आता चारकोप. १९८२ मध्ये कृष्णन समितीने शहरी वस्त्यांसाठी पन्नास हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र असावे असे सुचवले. त्या दशकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्याच साहाय्याने मुंबईत अशा केंद्रांचे जाळे विणले गेले. ज्या बँकेच्या कर्जावर आमचे भूखंड आखले गेले, तिच्याच पैशातून आमची लसही आली म्हणायची. केंद्रातल्या आरोग्य सेविका घरोघर फिरतात. गरोदर बाई कोण, नवे बाळ कुणाकडे, क्षयाच्या गोळ्या कोणी मध्येच सोडल्या, हे त्यांच्या वहीत असते.

पल्स पोलिओच्या फेऱ्यांत या सेविका आमच्या चौकात येत. डोस द्यायचे सगळे बाळगोपाळ सापडले की दाराशेजारी खडूने इंग्रजी पी. घर बंद असले, मूल गावाला गेले असले, किंवा आजीने "आमच्याकडे नको" म्हटले, की एक्स. संध्याकाळी त्या वहीत एक्सचीच घरे वेगळी उतरवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच दारे ठोठावत. दोनदा, तीनदा. आमच्या शेजारच्या दारावरचा एक्स चौथ्या दिवशी पी झाला, तो मी स्वतः पाहिला आहे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्यामागे लस होती, शीतसाखळी होती, पैसा होता, आणि या पुन्हा पुन्हा खोडून लिहिलेल्या खुणा होत्या.

त्या सेविकेने आपल्या संस्थेची पायरीही पाहिलेली नसेल. पण मार्गदर्शक बाईंनी मला जो रकाना वाढवायला सांगितला होता, तो तिच्या वहीत आधीपासून आखलेला होता. नव्या विद्यार्थ्यांना देवनारच्या आवारात पाऊल ठेवण्याआधी एकदा अशी वही पाहायला मिळावी, अशी माझी या स्मरणिकेच्या निमित्ताने सूचना आहे. वही चारकोपचीच हवी असे नाही. फक्त तिच्यात एक्सची घरे असावीत, आणि प्रत्येकापुढे दुसऱ्या दिवशीची तारीख.